अंगणातली निवडणुकीची पाटी: टाउनशिप, असोसिएशन की राज्य, नियम कुणाचा चालतो?

सोनचाफा (मध्य न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया अशा सगळीकडचे लोक आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही टाउनहाउसच्या वसाहतीत राहतो, तिचा कारभार घरमालकांची असोसिएशन पाहते. आमच्याच रांगेतली एक शेजारीण यंदा स्कूल बोर्डाला उभी आहे. शाळेच्या बसचा थांबा मोठ्या रस्त्यापलीकडे नेला होता. तो परत आत आणेपर्यंत ही बाई हटली नाही, दर बैठकीत उभी राहून बोलली. तिची पाटी मी स्वतः मागून घेतली आणि दाराला लागून असलेल्या वाफ्यात, झेंडूच्या मागे रोवली. सगळीकडे दिसते तशीच पाटी: १८ बाय २४ इंच, पन्हळी प्लास्टिकची, खाली तारेची चौकट.

आठवडा उलटायच्या आत असोसिएशनच्या मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं. सोबत पाटीचा फोटो, तिच्याभोवती लाल गोल. मजकूर असा की ‘फॉर सेल’खेरीज कोणतीही पाटी बाहेर नाही, खिडकीत नाही, दारावर नाही. दहा दिवसांत काढा, नाहीतर दंड सुरू. आमच्यापासून चार घरांवर ‘फॉर सेल’ची पाटी उन्हाळ्यापासून उभी आहे, आमच्या पाटीपेक्षा मोठी. तिचं कुणाला काही वाटत नाही.

नवरा म्हणतो काढून टाक, कशाला असोसिएशनशी वाकड्यात शिरायचं. मला ते पटत नाही. हप्ता आम्ही भरतो, प्रॉपर्टी टॅक्स आम्ही भरतो, मत आम्ही देतो, आणि मत कुणाला देतोय हे स्वतःच्या दारात सांगायची चोरी? टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या स्थानिक सरकारच्या, ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडून हरकत नाही, पण असोसिएशनच्या नियमांत आम्ही पडत नाही.

आता ऐकायचं कुणाचं? इतर राज्यांत काय चालतं? ज्यांनी असं पत्र हाताळलंय त्यांनी जरूर लिहा.

पहाटवारा (पार्सिपनी)

सोनचाफा, पाटी फेकू नका आणि पत्रही जपून ठेवा. तुमची केस जवळपास जशीच्या तशी आमच्या गावात घडून गेली आहे.

पार्सिपनीत मॅझडाब्रुक कॉमन्स नावाची टाउनहाउसची वसाहत आहे. तिथले एक रहिवासी, खान, २००५ साली टाउन कौन्सिलला उभे होते. त्यांनी स्वतःच्याच प्रचाराच्या दोन पाट्या घराच्या खिडकीत आणि दारात आतून लावल्या. असोसिएशनने काढायला लावल्या, कारण नियमात ‘फॉर सेल’ची एक पाटी सोडून बाकी सगळ्याला बंदी. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने खानांच्या बाजूने निकाल दिला. राहत्या घरात राजकीय पाटी लावायला सरसकट बंदी घालणं राज्याच्या घटनेत बसत नाही, असं कोर्ट म्हणालं. घर विकायचंय हे सांगायची मुभा आणि मत कुणाला द्या हे सांगायला बंदी, या भेदावरही कोर्टाने बोट ठेवलं. ‘मॅझडाब्रुक कॉमन्स विरुद्ध खान’ एवढं पत्रात लिहा. त्यांच्या वकिलाला पुढचं कळेल.

मात्र याच कोर्टाचा २००७ चा ट्विन रिव्हर्सचा निकालही तितकाच महत्त्वाचा आहे. ईस्ट विंडसरमधली ही प्रचंड मोठी वसाहत, दहा हजारांच्या आसपास वस्ती. तिथे नियम होता की पाटी खिडकीत लावा, किंवा बाहेर वाफ्यात लावा, पण घरापासून तीन फुटांच्या आत. काही रहिवाशांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि ते हरले. कोर्टाचं म्हणणं, हा नियम रास्त आहे, लोकांना बोलायला जागा उरते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ होतं. असोसिएशन कुठे, किती, केवढी हे ठरवू शकते. ‘काहीच नाही’ म्हणू शकत नाही. तुमच्या पत्रातली खिडकीवरची बंदी तर कुठेच टिकणार नाही.

आणखी एक. न्यू जर्सीत कॉन्डोच्या (सामाईक मालकीच्या वसाहतीच्या) असोसिएशनला कोर्टाबाहेर वाद मिटवायची काहीतरी सोय ठेवावीच लागते, आणि दंडाआधी ती संधी तुम्हाला द्यावी लागते. ती लेखी मागा. फोनवर बोलू नका.

टेक्सासकर (प्लेनो)

आमच्याकडे कोर्टापर्यंत जावंच लागत नाही, कायद्यातच लिहिलंय. निवडणुकीच्या आधीचे ९० दिवस आणि नंतरचे १० दिवस एचओएला (घरमालकांच्या असोसिएशनला) राजकीय पाटी अडवता येत नाही. त्या बदल्यात एचओए काही अटी घालू शकते: पाटी जमिनीत रोवलेली हवी, एका उमेदवाराची एकच, आणि ४ बाय ६ फुटांपेक्षा मोठी नको. झाडाला बांधलेली, गाडीवर चढवलेली, भिंतीवर रंगवलेली चालत नाही. गाणी वाजवणारी किंवा झिरमिळ्या लावलेली पाटीही चालत नाही, हेही कायद्यात आहे.

पण हे झालं स्वतःच्या हिरवळीवर. हायवेच्या कडेला पाटी रोवणं राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. पाटीच्याच कोपऱ्यात बारीक अक्षरात तशी सूचना छापलेली असते, कुणी वाचत नाही. आणि मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचाराचं काही नको. टी-शर्टसुद्धा नको, टोपीसुद्धा नको.

वाटसरू (एडिसन)

माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून लिहितो.

कायदा तुमच्या बाजूने असेल, पण त्या घरात तुम्हाला आणखी वीस वर्षं काढायची आहेत. शेजारी रोज तेच. मुलं त्यांच्याच मुलांबरोबर बसमध्ये बसणार. २०१७ साली आमच्या एडिसनमध्ये काय झालं ते आठवा. स्कूल बोर्डाला एक भारतीय वंशाची आणि एक चिनी वंशाचा उमेदवार उभे होते. त्यांचे फोटो छापून त्यावर ‘हद्दपार करा’ असा शिक्का मारलेली पोस्टकार्डं घरोघरी आली. निनावी. लहान मुलांनी टपालपेटीतून ती हातात घेतली. त्या दिवसांत दारात पाटी लावलेल्या आपल्या लोकांना काय वाटलं असेल?

मी दर निवडणुकीत मत देतो, एकही चुकवत नाही. पण घरावर काही लावत नाही. मत गुप्त असतं ते याचसाठी. आपल्या कुटुंबाला आपण होऊन निशाण्यावर कशाला ठेवायचं? सोनचाफा, तुमच्या यजमानांचं म्हणणं भित्रेपणाचं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

सोनचाफा

वाटसरू, तुमची कळकळ पोचली. ती पोस्टकार्डं मलाही चांगली आठवतात. पण त्यातून मला नेमकी उलटी गोष्ट दिसते. ज्यांनी ती छापली त्यांना नाव लावायची हिंमत नव्हती. माझी पाटी माझ्या दारात आहे, तिच्यामागे कोण आहे ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ही पाटी कुठल्या पक्षाने लावली नाही, सतराव्या घरातल्या आईने लावली आहे. माझ्या दारात राहिली तरच तिला हा अर्थ आहे. चौकात रोवली तर ती शंभरातली एक.

आणि शेजाऱ्यांचं म्हणाल तर ज्यांनी पत्र पाठवायला लावलं असेल त्यांच्याशीही मी रोज बोलतेच. बोलणं बंद होण्याइतकं काही झालेलं नाही आणि मी होऊ देणार नाही.

पहाटवारा, तुमचे आभार कसे मानू! नियमांची जाडजूड फाइल कपाटातून काढली आहे, आज रात्री वाचते.

पहाटवारा

सोनचाफा, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ सालीच म्हटलं आहे. सेंट लुईसजवळ लडू नावाचं श्रीमंत उपनगर आहे. १९९० च्या डिसेंबरात, आखाती युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर, तिथल्या एका बाईंनी युद्धाविरुद्धची पाटी हिरवळीवर लावली. पहिली पाटी गायब झाली, दुसरी कुणीतरी पाडून टाकली. पोलिसांत तक्रार केली तर उत्तर मिळालं की आपल्या गावात अशा पाट्यांना बंदीच आहे. मग त्यांनी साध्या टाइपाच्या कागदाएवढी पाटी वरच्या मजल्याच्या खिडकीत लावली. गावाने तीही चालणार नाही असा नवा नियम केला. सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने तो नियम रद्द केला. निकालपत्रात जस्टिस स्टीव्हन्स यांचा मुद्दा हाच होता: घरावरची पाटी हे बोलण्याचं स्वस्त आणि सोपं साधन आहे, आणि ती घरावर असते म्हणूनच बोलणारा कोण हे लोकांना कळतं. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत त्याला दुसरं काय परवडणार?

फक्त हा निकाल गावांना, शहरांना, म्हणजे सरकारला लागू आहे. असोसिएशन खासगी, म्हणून तिला थेट लागत नाही. न्यू जर्सीच्या घटनेतलं बोलण्याचं कलम मात्र काही प्रमाणात खासगी मालकांनाही बांधतं. १९८० साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात पत्रकं वाटणाऱ्या एका माणसाच्या खटल्यातून हा धागा सुरू झाला आणि मॅझडाब्रुकपर्यंत आला. म्हणून न्यू जर्सीतल्या माणसाने दुसऱ्या राज्यातला सल्ला आंधळेपणाने घेऊ नये, आणि दुसऱ्यांनी आमचा घेऊ नये.

रानजाई (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

असोसिएशनवर बरंच झालं, मी जमिनीवर येते. बहुतेक पाट्या उचलल्या जातात त्या जागा चुकल्यामुळे.

फुटपाथ आणि रस्त्याची कड यांच्यामधला गवताचा पट्टा आपणच कापतो, आपणच पाणी घालतो, म्हणून तो आपला वाटतो. तो बहुतेक ठिकाणी राईट ऑफ वे मध्ये, म्हणजे रस्त्यासाठी राखलेल्या सार्वजनिक पट्ट्यात, येतो. फुटपाथ नसेल तिथेही डांबर संपलं म्हणजे रस्ता संपला असं नसतं, राईट ऑफ वे पुढे आपल्या हिरवळीत काही फूट घुसलेला असतो. घर घेताना क्लोजिंगच्या कागदांत सर्व्हेचा नकाशा मिळतो. तो काढा, त्यावर हद्दीची रेघ बघा, घराच्या भिंतीपासून टेप लावून मोजा. आमच्या एका ओळखीच्या घराची हद्द टपालपेटीच्या बरीच आत निघाली. टपालपेटीच्या खांबालाही पाटी अडकवू नका, आणि पेटीत पत्रकं टाकणं तर फेडरल कायद्याने मना आहे. तिकीट लावलेलं टपालच तिथे जाऊ शकतं.

आमच्या राज्यात गंमत अशी की राज्याच्या रस्त्याच्या राईट ऑफ वे मध्ये राजकीय पाटी चालते, पण ठरलेल्या काळात. लवकर मतदान (मुख्य दिवसाआधीचं) सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपासून निवडणुकीनंतर १० दिवसांपर्यंत. डांबराच्या कडेपासून तीन फूट दूर, उंची ४२ इंचांपेक्षा जास्त नाही, आकार ८६४ चौरस इंचांपेक्षा मोठा नाही. समोर ज्याचं घर, दुकान किंवा देऊळ आहे त्याची परवानगी हवी. एवढं पाळून लावलेली पाटी कुणी चोरली तर तो गुन्हा. शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांना शहराचे वेगळे नियम असू शकतात, तेव्हा आधी रस्ता कुणाचा हे विचारा.

कोपऱ्यावरच्या घरवाल्यांनी आणखी सांभाळा. वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसलं पाहिजे म्हणून कोपऱ्याचा त्रिकोण मोकळा ठेवायचा असतो. हा नियम मला मनापासून पटतो. मुलं सायकलवर असतात.

घाटमाथा (नाशिक)

परदेशातला धागा आहे पण राहवत नाही. आमच्याकडे बरोबर उलटं आहे. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि प्रशासन पहिल्यांदा पाट्या, फलक, पोस्टर उतरवायला निघतं. सरकारी इमारतींवरून २४ तासांत, सार्वजनिक जागांवरून ४८ तासांत, खासगी मालमत्तेवर विनापरवाना लावलेलं ७२ तासांत. मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीवर, कुंपणावर काही लावायचं नाही हे आचारसंहितेतच आहे. शिवाय मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध आपला १९९५ चा राज्याचा कायदा आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ ए कलमाखाली गुन्हा होतो.

पण सामान्य माणूस स्वतःहून दारात पाटी लावतो हे इथे फार कमी. कार्यकर्ते येतात, झेंडा लावून जातात, आपण नाही म्हणायला बिचकतो. आमच्या गल्लीत एका घराच्या कुंपणावर तीन पक्षांचे झेंडे होते, आणि घरमालक मुंबईला! तुमच्याकडे माणूस पाटी मागून घेतो आणि पत्र आलं तर कोर्टाचा निकाल शोधतो, हे वाचून बरं वाटलं.

केवडा (डॅलसजवळ)

माझा प्रश्न जरा नाजूक आहे. मी एच-१बी वर आहे, बायको ग्रीन कार्डवर. शेजारच्या गृहस्थांनी सिटी कौन्सिलच्या उमेदवाराची पाटी आमच्या हिरवळीवर लावू का असं विचारलं. माणूस चांगला आहे, मलाही तो उमेदवार पसंत आहे. पण मतदानाचा हक्क नसताना पाटी लावणं योग्य आहे का? व्हिसावर काही परिणाम? हल्ली कशाचीच खात्री वाटत नाही.

पहाटवारा

केवडा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि बऱ्याच जणांच्या मनात असतो.

खरी सीमारेषा पैशाची आहे. फेडरल कायद्यानुसार परदेशी नागरिकाने कुठल्याही निवडणुकीत पैसे द्यायचे नाहीत, मग ती फेडरल असो, राज्याची असो की गावची. ग्रीन कार्डधारकांना यातून सूट आहे, ते देणगी देऊ शकतात. मात्र फेडरल किंवा राज्याच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत, आणि चुकून दिलं तरी परिणाम फार गंभीर होतात. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर कुणी सही करा म्हणालं तर हात आखडता घ्या.

आता पाटी. प्रचाराच्या वेबसाइटवरून पाटी, टोपी, मग विकत घेणं ही कायद्याच्या हिशोबाने देणगीच असते, पाच डॉलरची असली तरी. म्हणून तुम्ही विकत घेऊ नका. स्वतःच्या खर्चाने छापूही नका. एका कॅनडियन वकिलाने, जो तात्पुरत्या व्हिसावर न्यूयॉर्कमध्ये होता, स्वतः पत्रकं छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची परवानगी मागितली होती. ‘ब्लुमन विरुद्ध एफईसी (फेडरल निवडणूक आयोग)’ हा तो खटला. २०११ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं आणि २०१२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला.

विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला परदेशी नागरिकाला बंदी नाही. फुकट मिळालेली पाटी स्वतःच्या दारात ठेवणं मला त्याच अंगाचं वाटतं. तरी तुमच्या फाइलवर काही अर्ज प्रलंबित असेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका. मन शांत राहतं.

केवडा

खूप आभार. पाटी विकत घेणं म्हणजे देणगी, हे स्वप्नातही आलं नसतं. शेजाऱ्यांना सांगतो, तुमचीच पाटी द्या, मी पैसे देणार नाही. आणि का देणार नाही तेही सांगतो.

तुळशीवृंदावन (न्यू जर्सी)

मंडळाचं काम करणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. आपली बहुतेक मराठी मंडळं ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करसवलत मिळालेल्या सेवाभावी संस्था म्हणून, नोंदलेली आहेत. अशा संस्थेने कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही, हा नियम १९५४ पासून आहे. मंडळाच्या मालकीच्या आवारात, गणपतीच्या मांडवाशी, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या टेबलावर पाटी नको. मंडळाच्या ईमेल यादीवरून ‘आपल्या माणसाला मत द्या’ नको. करसवलत धोक्यात येते, आणि ती गेली तर शाळेचे वर्ग, वाचनालय, सगळं अडचणीत.

उमेदवाराला बोलवायचं असेल तर सगळ्या उमेदवारांना सारखं आमंत्रण आणि सारखा वेळ द्या. तुम्ही घरी काय लावता, तो तुमचा हक्क. मंडळाचा सदरा घालून मात्र नाही. आपल्यातलं कुणी उभं राहिलं की उत्साहाच्या भरात हे सगळ्यांत आधी विसरलं जातं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून डेट्रॉइटच्या भागातून अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये आहेत, म्हणजे असे प्रसंग आता वाढतच जाणार.

समुद्रफेन (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

इथे सगळे घरमालक दिसतायत, भाड्याने राहणाऱ्यांचं कुणी बोलत नाही. कॅलिफोर्नियात भाडेकरूलाही हक्क आहे. घरमालक राजकीय पाटी अडवू शकत नाही. आकार सहा चौरस फुटांपर्यंत, अपार्टमेंट असेल तर स्वतःच्या दारावर किंवा खिडकीत. गावाने मुदत ठरवली नसेल तर घरमालक ठरवू शकतो, पण निवडणुकीआधी किमान ९० दिवस आणि नंतर किमान १५ दिवस द्यावेच लागतात.

स्वतःच्या मालकीच्या घराला, एचओए असली तरी, नऊ चौरस फुटांपर्यंतची पाटी आणि १५ चौरस फुटांपर्यंतचा झेंडा किंवा फलक लावता येतो. कागद, पुठ्ठा, कापड, प्लास्टिक चालतं, दिवे आणि फुगे चालत नाहीत. आणि हे फक्त निवडणुकीपुरतं नाही, वर्षभर.

मेपलकर (मिसिसागा)

कॅनडाचं थोडक्यात. फेडरल निवडणुकीच्या काळात घरमालकाला भाडेकरूची आणि कॉन्डो कॉर्पोरेशनला मालकाची पाटी अडवता येत नाही. आकार-प्रकाराच्या वाजवी अटी घालता येतात आणि सामाईक जागेत बंदी करता येते. प्रांताच्या आणि शहराच्या निवडणुकीला नियम वेगळे, तेव्हा तेवढं पाहून घ्या.

वाटसरू

एक शंका. टाउनशिपच्या नियमपुस्तकात ‘राजकीय पाटी निवडणुकीआधी ३० दिवस, नंतर ७ दिवस’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. इतर पाट्यांना मुदत नाही आणि फक्त राजकीय पाटीला आहे, असं असेल तर ते चालतं का? मी पाटी लावणार नाही, पण एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही असा नियम मला खटकतो.

पहाटवारा

वाटसरू, बरोबर जागी बोट ठेवलंत. ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावचा २०१५ चा निकाल वाचा. तिथे एका छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती, प्रार्थना वेगवेगळ्या जागी, म्हणून ते वाट दाखवणाऱ्या पाट्या लावायचे. गावाच्या नियमात विचार मांडणारी पाटी २० चौरस फुटांपर्यंत, राजकीय पाटी ठिकाणानुसार ३२ चौरस फुटांपर्यंत, आणि या बिचाऱ्या वाट दाखवणाऱ्या पाटीला सहा चौरस फूट, तीही कार्यक्रमाआधी १२ तास आणि नंतर एक तासच. सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी हे फेटाळलं. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून मगच कुठला नियम लावायचा हे ठरत असेल, तर तो नियम टिकवणं गावाला फार अवघड जातं.

त्यानंतर अनेक गावांनी नियम बदलून ‘तात्पुरती पाटी’ असा एकच वर्ग केला. बऱ्याच गावांच्या पुस्तकात जुनी ओळ तशीच पडून आहे. गॅरेज सेलच्या पाटीला मुदत नाही आणि राजकीय पाटीला आहे असं दिसलं, तर टाउन क्लार्कला लेखी विचारा. सरकारी खांब आणि सिग्नल मात्र यात धरू नका. तिथे कुठल्याच पाट्या नकोत असं शहर म्हणू शकतं, लॉस एंजेलिसच्या बाबतीत १९८४ मध्येच ते ठरलंय.

सोनचाफा

इथवर काय झालं ते सांगते.

फाइल वाचली. नियम जुना, बिल्डरच्या काळातला. मी असोसिएशनला लेखी उत्तर पाठवलं: दोन्ही निकालांची नावं, वाफ्याचा फोटो, घराच्या भिंतीपासून टेप लावलेला (दोन फूट दोन इंच), आणि वाद मिटवण्याची बैठक मागितली. दंड तोवर थांबवा असंही लिहिलं.

त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. खिडकीबद्दल त्यांनी लगेच माघार घेतली. वाफ्याबद्दल म्हणतात की डीडप्रमाणे (मालकीच्या दस्ताप्रमाणे) भिंतीबाहेरची माती सामाईक मालकीची आहे, तिथे असोसिएशनच्या बोर्डाची परवानगी लागेल. खानांच्या पाट्या घराच्या आत होत्या, बाहेर नव्हत्या, हा मुद्दा त्यांनी बरोबर पकडला आहे.

तर सध्या पाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. रस्त्यावरून स्पष्ट दिसते, संध्याकाळी आत दिवा लागला की जास्तच. बोर्डाच्या पुढच्या खुल्या सभेत मी ट्विन रिव्हर्ससारखा नियम मांडणार आहे: खिडकीत एक, वाफ्यात एक, भिंतीपासून तीन फुटांच्या आत, आणि सगळ्यांना सारखा, पाटी कुठल्याही पक्षाची असो. दुसऱ्या बाजूच्या उमेदवाराची पाटी लावू पाहणारे एक आजोबा आमच्या वसाहतीत आहेत, त्यांनाही तसंच पत्र आलं होतं. मी त्यांच्या घरी गेले. ते माझ्या अर्जावर सही करायला तयार झाले, मी त्यांच्या. सभेला दोघंही शेजारी बसणार आहोत.

नवरा अजून कुरकुरतोय, पण टेप त्यानेच धरली होती.

वाटसरू

सोनचाफा, त्या आजोबांकडे जाण्याचं तुम्हाला सुचलं, हे मला फार आवडलं. माझं मूळ मत बदललेलं नाही. पण सभा खुली असेल तर त्या दिवशी मी येऊन मागे बसेन, चालेल ना?

सोनचाफा

सभेत घरमालकांनाच बसता येतं बहुधा, विचारून सांगते. नाही जमलं तर नंतर चहाला घरी या.

रानजाई

सभेला शुभेच्छा! एक काम आत्ताच लिहून ठेवा. मतदान झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाटी काढा, ज्यांनी दिली त्यांना विचारून परत करा. तारेची चौकट पुढच्या वेळी चालते, तिलाच जास्त पैसे पडतात. प्लास्टिकची पाटी घरच्या रिसायकलच्या डब्यात टाकण्याआधी गावाला विचारा, बरेच ठिकाणी घेत नाहीत. आमच्याकडे मी चार-पाच घरांच्या पाट्या गोळा करून उमेदवाराच्या ऑफिसात नेऊन देते, ते मागच्या बाजूवर नवीन छापतात.